रक्त दिसलं की टॅग संपला

पानगळ सुरू झाली की अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या उपनगरांत एक जुना वाद पुन्हा पेटतो. गावाला लागून असलेल्या पार्कात आणि झाडीत धनुष्यबाणानं हरणांची शिकार करू द्यायची की नाही? न्यू जर्सीतल्या टाउनशिपच्या, म्हणजे स्थानिक नगरपालिकांच्या, सभांना आता मराठी कुटुंबंही हजर असतात, कारण परसातली भाजी फस्त करणारं आणि रात्री गाडीपुढे उडी घेणारं पांढऱ्या शेपटीचं हरीण त्यांच्याही दारात येतं. एक बाजू मांडीत बाण रुतलेल्या हरणाचा फोटो दाखवते आणि म्हणते, हा छळ आहे, बंद करा. दुसरी बाजू म्हणते, आजच्या कंपाउंड, म्हणजे चाकं लावलेल्या, धनुष्याचा बाण सेकंदाला ३०० फूट वेगानं जातो, हरणाला कळायच्या आत सगळं संपतं, आणि जी हरणं निसटतात ती बरी होऊन फिरतात. दोघंही धनुष्याबद्दल बोलतात. हरणाचं काय होणार हे मात्र ठरतं बाण सोडायचा की नाही या निर्णयात आणि बाण सुटल्यानंतरच्या काही तासांत, आणि त्याबद्दल सभेत कोणी अवाक्षर काढत नाही. माझं म्हणणं असं, की बंदी नको आणि आजची मोकळीकही नको. बाणावर रक्त किंवा मांस दिसलं, की ते हरीण त्या शिकाऱ्याच्या खात्यात धरलं जावं, मग ते हाती लागो वा न लागो. एका हरणाच्या परवान्याला तिथे टॅग म्हणतात. रक्त दिसलं, की टॅग संपला.

आधी या वादातले आकडे नीट वाचायला हवेत, कारण तेच सर्वांत वाईट वापरले जातात. ओक्लाहोमातल्या मॅकअलेस्टर इथल्या लष्करी दारूगोळा केंद्राच्या आवारात फक्त लाँगबो आणि रिकर्व्ह या पारंपरिक धनुष्यांनी शिकार करता येते. तिथे रेडिओ कॉलर घातलेल्या हरणांचा अभ्यास झाला, तेव्हा बाण लागलेल्या हरणांपैकी निम्मी शिकाऱ्याच्या हाती लागली नव्हती. बंदीवाले हा ५० टक्क्यांचा आकडा छातीठोकपणे सांगतात. पण हाती न लागलेल्यांपैकी बहुतेक हरणं पुढे जगली, हे त्याच अभ्यासातलं वाक्य ते वगळतात. शिकाऱ्यांचा आवडता आकडा मेरीलँडमधल्या इंडियन हेड इथल्या नौदल तळाचा. तिथे १९८९ ते २००६ या काळात कंपाउंड धनुष्य आणि क्रॉसबो (बंदुकीसारखा घोडा ओढून चालवायचं आडवं धनुष्य) यांचे बाण लागलेल्या ९०८ हरणांपैकी १६२ सापडली नाहीत, म्हणजे १८ टक्के. पण त्या तळावर नेमबाजीची परीक्षा दिल्याशिवाय कोणाला आत सोडत नव्हते, हे ते सांगत नाहीत. परीक्षा देऊन आलेल्यांचं प्रमाण १८ टक्के असेल, तर दुकानातून धनुष्य आणून थेट झाडावर चढणाऱ्यांचं किती असेल? आणि १८ टक्के म्हणजे प्रत्यक्षात किती? हाती आलेल्या दर १०० हरणांमागे आणखी २२ हरणं बाण घेऊन निघून गेलेली. राज्याच्या हिशेबात ही २२ कुठेच नसतात.

‘बरी होऊन फिरतात’ हे विधान खरं आहे, पण ते फक्त शरीराच्या एका भागाबद्दल खरं आहे. हरणाच्या पाठीच्या वरच्या स्नायूंतून आरपार गेलेला बाण बहुतेकदा जीव घेत नाही. जखम भरते, बाणाचं पातं तुटून आत राहिलं, तर त्याभोवती शरीर कवच तयार करतं, आणि काही वर्षांनी दुसराच कोणी ते हरीण मारून सोलायला घेतो तेव्हा ते पातं हाताला लागतं. छातीच्या हाडापुढच्या मांसातून गेलेल्या बाणाचंही तसंच. पण बाण पोटात, म्हणजे जठरात किंवा आतड्यांत गेला असेल, तर हरीण जगण्याची आशा जवळपास नसते. आतली घाण पोटाच्या पोकळीत पसरते, आणि मरण यायला अनेक तास, कधी दिवसभरही लागतो. यकृताला लागलेला बाणही मारतोच, फक्त काही तास घेतो. म्हणजे ‘निसटलेलं’ हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या हरणांसाठी वापरतो: एक आठवडाभर लंगडून पुन्हा कळपात मिसळलेलं, आणि दुसरं दोनशे पावलांवर झुडपात रात्रभर तळमळून मेलेलं.

बरं, कुठे लागला हे शिकाऱ्याला तरी नक्की कळतं का? अनेक शिकारी ठामपणे सांगतात, की कण्याच्या खाली आणि फुप्फुसांच्या वर एक रिकामी जागा असते, बाण तिथून गेला तर हरीण जगतं. अशी जागा नसते. जिवंत प्राण्याची फुप्फुसं फुगून थेट कण्याच्या खालच्या बाजूला टेकलेली असतात. फसगत होते ती कण्याच्या जागेमुळे. खांद्यापाशी मणक्यांचे काटे कित्येक इंच वर आलेले असतात, त्यामुळे कणा आपल्याला वाटतो त्याहून बराच खाली असतो. पाठीच्या रेषेपासून चार इंच खाली लागलेला बाण पाहून शिकारी समजतो, कण्याच्या खालून गेला. प्रत्यक्षात तो कण्याच्या वरून, निव्वळ मांसातून गेलेला असतो आणि हरीण खरंच जगतं. किंवा तो खालून, फुप्फुसाचं टोक कापत गेलेला असतो आणि हरीण अर्ध्या मैलावर मरतं, फक्त तिथवर कोणी शोधत जात नाही. ‘ते बरं होईल’ हे शिकाऱ्याचं वाक्य अनेकदा माहिती नसते, ती मनाची समजूत असते.

बाण गोळीसारखा मारत नाही. रायफलची गोळी धक्क्यानं आजूबाजूच्या पेशी फाडते. बाण फक्त कापतो, आणि मरण येतं ते रक्तस्रावानं किंवा छातीत हवा शिरून फुप्फुसं मिटल्यानं. दोन्ही फुप्फुसं कापली गेली, तर हरीण १०-१५ सेकंदांत कोसळतं, शंभरेक यार्डांच्या आत. एकच फुप्फुस कापलं गेलं, तर ते मैलभर जाऊ शकतं. त्यामुळे धनुर्धाऱ्याला जागा निवडायला वावच नसतो: पूर्ण आडवं उभं असलेलं हरीण, किंवा किंचित पाठ वळवून उभं असलेलं. आडव्या हरणावर नेम धरायचा तो पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं वर जाऊन, छातीच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याच्या शिवेवर. थोडा खाली गेला तर हृदय, थोडा वर गेला तर फुप्फुसांचा मध्य. पाठ वळवलेल्या हरणावर जवळच्या बाजूकडे बघायचंच नाही. बाण पलीकडच्या पुढच्या पायातून बाहेर निघेल अशी रेषा मनात आखायची, मग तो अलीकडून शेवटच्या बरगड्यांतून शिरला तरी चालतो. तोंड आपल्याकडे वळवून तिरकं उभं असलेलं हरीण मात्र सोडून द्यायचं. त्याच्या फऱ्याच्या हाडाला बाण अडतो, आणि नाही अडला तर एक फुप्फुस कापून सरळ पोटात जातो.

झाडावरच्या मचाणाचं गणितही कोणी सांगत नाही. २० फूट उंचीवरून अवघ्या १० यार्डांवरच्या हरणावर सोडलेला बाण सुमारे ३० अंशांनी खाली उतरतो. पाठीजवळ शिरून तो अलीकडचं फुप्फुस कापतो, पलीकडच्याला चाटून जातो किंवा चुकवतो. हेच हरीण २० यार्डांवर असेल, तर कोन जवळपास निम्मा होतो आणि दोन्ही फुप्फुसं रेषेत येतात. जितकं जवळ तितकं चांगलं, असं जे नवशिक्याला वाटतं, ते उंचावरून खरं ठरत नाही. शिवाय वरून शिरलेल्या बाणाला खालून बाहेर पडायला भोक मिळालं नाही, तर रक्त छातीतच साचत राहतं आणि जमिनीवर माग उमटत नाही. हरीण मेलेलं असतं, पण सापडत नाही.

आता वेगाच्या युक्तिवादाकडे येऊ, कारण शिकाऱ्यांच्या बाजूचा तो सर्वांत दमदार मुद्दा आहे. कंपाउंड धनुष्याचं पेटंट १९६९मध्ये मिळालं. चाकांमुळे ताणलेल्या दोरीचा बहुतेक भार हातावरून उतरतो, नेम स्थिर राहतो, आणि बाण पूर्वीपेक्षा खूपच वेगानं जातो. हे सगळं खरं आहे. पण आवाज बाणाच्या चौपट वेगानं जातो. दोरी सुटल्याचा आवाज ऐकून दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडतं, म्हणजे खाली बसतं. समजा, बाणाचा वेग सेकंदाला २८० फूट आहे आणि हरणाला दचकायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. २० यार्डांवर बाण पोहोचेपर्यंत ते इंचभरही खाली जात नाही. ३० यार्डांवर सुमारे ४ इंच जातं. ४० यार्डांवर ९ इंचांहून जास्त. हरणाच्या फुप्फुसांचा पट्टाच मुळी ८ ते १० इंचांचा असतो. म्हणजे ४० यार्डांवरून फुप्फुसांच्या मध्यावर अचूक सोडलेला बाण पाठीवरच्या मांसात जातो, आणि शिकारी धनुष्याच्या नेमदर्शकाला दोष देतो. वेग ३४० केला तर हेच ९ इंच ४वर येतात, हा फायदा मी मान्य करतो. पण असं धनुष्य हाती आल्यावर माणूस ४० यार्डांवर थांबतो का? तो ५०वरून सोडतो, आणि तिथे पुन्हा ८ इंच होतात. यंत्रानं कमावलेलं अंतर माणूस हावेपोटी उधळून टाकतो. हरीण दचकलंच नाही, नुसतं सावकाश एक पाऊल पुढे टाकलं, तरी ४० यार्डांच्या प्रवासात ते फूटभराहून जास्त सरकतं, आणि फुप्फुसाचा नेम पोटात जातो. याला कोणतंही धनुष्य उपाय नाही.

जुन्यांना हे माहीत होतं. १९११मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ ‘याही’ (Yahi) नावाच्या आदिवासी जमातीचा अखेरचा माणूस, इशी, एकटाच भुकेला सापडला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सॅक्स्टन पोप या शल्यविशारदानं त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली, आणि अमेरिकेतली आधुनिक धनुष्य-शिकार मोठ्या प्रमाणात तिथून सुरू झाली. इशीचं धनुष्य आजच्या मानानं अगदी दुबळं होतं. त्याची भिस्त होती ती जवळ जाण्यावर: वाऱ्याची दिशा, हाक देऊन जनावराला बोलावणं, तासन्‌तास न हलता बसणं. पोपच्या नावानं १९६१मध्ये जो क्लब स्थापन झाला, त्याचा भर जबाबदार, नीतीनं केलेल्या शिकारीवर होता. तंत्र पुढे गेलं तशी इशीची ही वाट पाहण्याची सवय मागे पडली, आणि माझ्या मते आजचा प्रश्न तिथूनच निर्माण झाला. आपल्याकडे दशरथाची गोष्ट लहानपणीच ऐकवतात. शब्दवेधी बाणाचं कसब अंगी होतं म्हणून त्यानं न पाहता बाण सोडला, आणि श्रावणाला मारलं. अनेक राज्यांत सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकारीला कायद्यानं परवानगी असते, आणि त्या शेवटच्या अंधुक मिनिटांत सुटणारे कित्येक बाण याच जातीचे असतात.

बाण सुटल्यानंतरची घाईही तितकीच घातक. पहिलं काम झाडावरून उतरायचं नसतं, बघायचं असतं: बाण लागताना हरणानं मागचे पाय उडवले, की पाठ कमानीसारखी वर करून चालतं झालं? पहिलं हृदय-फुप्फुसाचं लक्षण, दुसरं पोटाचं. मग बाण तपासायचा. फेसाळ गुलाबी रक्त असेल तर फुप्फुस, अर्धा तास थांबून माग काढावा. गर्द, काळपट लाल असेल तर यकृत, किमान चार तास. बाणावर हिरवट-तपकिरी लगदा आणि आंबूस वास असेल तर पोट, आणि तिथे ८ ते १२ तास थांबण्यावाचून गत्यंतर नाही. पोटात बाण लागलेलं हरीण मागे कोणी नसेल तर शे-दोनशे यार्डांवर बसतं आणि बहुधा तिथेच मरतं. अर्ध्या तासात कोणी त्याच्या मागे गेलं, तर ते उठून मैलभर जातं, जखमेच्या तोंडाशी आतड्यावरची चरबी येऊन भोक बुजतं, आणि रक्ताचा एक थेंबही पडत नाही. ऑक्टोबरच्या उबदार रात्री मांस खराब होईल, कोयोटी (लांडग्याच्या कुळातले छोटे शिकारी प्राणी) खातील, ही शिकाऱ्यांची तक्रार खरी आहे. पण मग ती जोखीम बाण सोडण्याआधी मोजायला हवी होती. संध्याकाळी उशिरा आणि उकाड्यात तर अवघड बाण मुळीच सोडू नये.

बंदीवाल्यांचा मुख्य मुद्दा मला टाळायचा नाही. एक हरीणही पोटात बाण घेऊन का मरावं? रायफलच्या तुलनेत धनुष्य कमी खात्रीचं आहे, यात वाद नाही. जर्मनीच्या शिकार कायद्यात मोठ्या जनावरांवर बाण सोडायला बंदी आहे, ब्रिटनमध्ये १९८१च्या कायद्यानं वन्य प्राणी धनुष्यानं मारणं गुन्हा आहे, आणि तिथल्या विचारी लोकांना हे योग्यच वाटतं. पण त्या देशांत हरणं रायफलनं मारली जातातच. न्यू जर्सीत २०१०मध्ये घरांपासूनचं किमान अंतर ४५० फुटांवरून १५० फुटांवर आणलं गेलं, ते केवळ धनुष्यासाठी, कारण घरांच्या गर्दीत मैल-दीड मैल जाणारी गोळी सोडता येत नाही. लांडगे आणि प्यूमा तिथून कधीच संपले. मग उरतं काय? गर्भनिरोधक लशीचा प्रयोग न्यू यॉर्कच्या फायर आयलंडवर १९९३पासून झाला, स्टेटन आयलंडवर २०१६पासून नरांची नसबंदी झाली. बेटावर, भरपूर पैसा ओतून, एकेका जनावराला गाठून हे जमतं. चारी बाजूंनी मोकळ्या असलेल्या जिल्ह्यात बाहेरून नवी हरणं येतच राहतात. आणि ज्या जंगलात हरणांनी ओक आणि मेपलची सगळी रोपं खाऊन टाकली आहेत, तिथे हिवाळ्यात खपाटीला गेलेल्या पोटांनी मरणारी पाडसं कोणाच्या फोटोत येत नाहीत. गाडीखाली पाय मोडून रस्त्याकडेला पडलेलं हरीण धनुष्यापेक्षा दयेनं मेलं, असं कोण म्हणेल?

माझ्या प्रस्तावावरचा सर्वांत कठीण आक्षेप शिकाऱ्यांमधूनच येतो. ते म्हणतात, जंगलात एकटा असलेला माणूस रक्त पाहून स्वतःचा टॅग कशाला फाडेल? कोण बघतंय? उलट आज जो मोकळेपणानं माग काढायला मदत मागतो, तोही लपवू लागेल. हा आक्षेप हलका नाही. पण आज मारलेल्या हरणाची नोंदही अनेक राज्यांत शिकारी स्वतःच फोनवरून करतो, तिथेही कोणी बघत नसतं. शिकारीचा सगळा कायदाच न दिसणाऱ्या जागी पाळायचा आहे. अलास्काच्या काही भागांत जखमी केलेलं अस्वल सापडलं नाही तरी त्या शिकाऱ्याच्या वाट्यातून वजा होतं, आणि आफ्रिकेतल्या खासगी शिकारींत रक्त सांडलं की पूर्ण किंमत मोजावी लागते. तिथले लोक बाण सोडायच्या आधी किती वेळ थांबतात, ते पाहावं. बदकांच्या शिकारीचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. शिशाच्या छऱ्यांनी पाणथळ जागा विषारी होतात म्हणून अमेरिकेत पोलादासारखे बिनविषारी छरे सक्तीचे करायचं ठरलं, तेव्हा हाच ओरडा झाला होता: हलक्या पोलादानं बदकं नुसती जखमी होतील, लोक कायदा मोडतील. १९९१पासून देशभर सक्ती झाली. लोकांनी मोठे छरे घेतले, बंदुकीतून सुटणाऱ्या छऱ्यांचा फैलाव कागदावर तपासला, आणि लांबच्या बदकावर बार टाकणं कमी केलं.

अन्याय होईल का? काही वेळा होईल. पाठीला ओरखडा उठून निसटलेलं, पुढे दहा वर्षं जगणारं हरीणही कोणाच्या तरी खात्यात पडेल. पण ओरखडा होता की आतडं फाटलं, हे नक्की नसेल तर त्या अनिश्चिततेची किंमत बाण सोडणाऱ्यानं मोजावी की हरणानं? माझं उत्तर स्पष्ट आहे. मात्र उपनगरांत, जिथे माद्यांचे टॅग वाटेल तितके मिळतात, तिथे हा नियम एकटा पुरणार नाही, हे मान्य करायला हवं. ज्याच्या खिशात दहा टॅग आहेत त्याला एक गेल्याचं काय? तिथे आणखी दोन गोष्टी लागतील.

एक म्हणजे परीक्षा. बहुतेक राज्यांतल्या धनुष्य-शिकारीच्या वर्गात माहिती भरपूर मिळते, प्रत्यक्ष नेम मात्र क्वचितच तपासला जातो. डेन्मार्कमध्ये धनुष्यानं शिकार करायची तर नेमाची वेगळी परीक्षा द्यावी लागते. उपनगरी पार्कात येणाऱ्याची परीक्षा २० फुटांच्या मचाणावरून, थंडीच्या जाड कोटात, सराव न करता सोडलेल्या पहिल्या बाणावर घ्यावी. आणि समोरच्या पाच फोमच्या हरणांपैकी दोन अशी उभी करावीत, की ज्यांच्यावर बाण सोडणारा नापास होईल. न सोडण्याची परीक्षा सहसा कोणी घेत नाही. तिथल्या शिकारीसाठी २५ यार्डांची मर्यादाही घालता येईल. पात्यांची धारही तपासावी, कारण बोथट पातं रक्तवाहिनी कापण्याऐवजी बाजूला सारतं.

दुसरी गोष्ट माग काढणारी कुत्री. ही कुत्री दोरीला बांधलेलीच असतात, हरणावर सोडली जात नाहीत. रक्त दिसत नसलं, तरी हरणाच्या खुरांमधल्या ग्रंथींच्या वासावर आणि जखमेच्या वासावर ती चोवीस तासांनंतरही चालत जातात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुत्र्यांनी हरणं पळवून मारण्यावर जी बंदी आली, तिच्यात अनेक राज्यांत हीही अडकली. न्यू यॉर्कमध्ये १९७०च्या दशकात परवाना काढून प्रयोग करावा लागला, तेव्हा हळूहळू इतर राज्यं वळली. टाउनशिपनं पार्क खुलं करताना अशा कुत्र्याच्या मालकाचा नंबर प्रत्येक परवान्यावर छापावा, शेजारच्या घरमालकांकडून त्यांच्या कुंपणात माग काढण्याची लेखी परवानगी हंगामाआधीच घ्यावी, आणि सापडलेल्या, न सापडलेल्या सगळ्या हरणांचा आकडा हंगाम संपताच सभेपुढे ठेवावा. हरीण शेजाऱ्याच्या आवारात जाऊन पडलं आणि घरात कोणी नव्हतं म्हणून दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच राहिलं, हे उपनगरी शिकारीतलं नेहमीचं दुखणं आहे, आणि ते ऑगस्टमध्ये चार सह्या घेऊन मिटवता येतं.